भाड्याची बस आणि मालकीचा हिशेब

मोटार विकत घ्यावी की भाड्याने, हा प्रश्न घरापुरता असतो तेव्हा तो खिशाचा असतो. लक्षावधी लोकांना वाहून नेणारी सार्वजनिक संस्था तोच प्रश्न विचारते तेव्हा तो धोरणाचा होतो. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाने २०१९ पासून त्याचे उत्तर भाड्याच्या बाजूने दिले आहे.

या व्यवस्थेत बस, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची. बेस्टने किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा. या पद्धतीच्या बाजूने काहीच म्हणता येणार नाही, असे नव्हे. तोट्यातल्या उपक्रमाला एकरकमी भांडवल उभारावे लागत नाही. विजेच्या बसची किंमत मोठी, आणि तिची बॅटरी किती वर्षे टिकेल ही जोखीम कंत्राटदारावर जाते. कागदावर किलोमीटरमागचा खर्चही कमी दिसतो.

पण तो कमी का दिसतो? कंत्राटदारही बस सहसा कर्ज काढूनच घेतो. त्या कर्जाचे व्याज आणि वर त्याचा नफा, दोन्ही दरात धरलेले असतात. मग बचत येते कोठून? ती मुख्यतः चालकाच्या पगारातून येते. एकाच मार्गावर बस चालवणाऱ्या दोघांपैकी एकाला उपक्रमाची वेतनश्रेणी, दुसऱ्याला कंत्राटी पगार. कामगाराच्या घरातला तोटा उपक्रमाच्या ताळेबंदात बचत म्हणून मांडला जातो, इतकेच.

ताळेबंदाबाहेर ठेवलेला हा खर्च पुढे वसूल झालाच. २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून आपल्या गाड्या काढून घेतल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम बंद केले. शेकडो बस काही दिवस उभ्या राहिल्या आणि प्रवासी थांब्यांवर तिष्ठत राहिले. जून २०१९ च्या करारात बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे मान्य झाले होते; २०२५ मध्ये ती संख्या हजाराच्याही खाली गेली. जुलै २०१९ मध्ये ५ रुपयांवर आणलेले किमान भाडे मे २०२५ मध्ये १० रुपये झाले. म्हणजे कथित बचत प्रवाशाच्या पदरातही टिकली नाही.

मालकीची बस मोडीत निघाली तरी कार्यशाळा आणि कुशल कामगार मागे राहतात. भाड्याचा करार संपला की हाती फक्त नवी निविदा उरते. आणि तोवर कार्यशाळा ओस पडलेली असेल, तर दर कंत्राटदारच ठरवणार.

म्हणून ‘भाड्याची बस नको’ एवढ्या घोषणेवर थांबून चालणार नाही. ताफ्याचा निश्चित हिस्सा मालकीचाच राहील असे बंधन, त्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात भांडवली तरतूद, आणि प्रत्येक करारात समान कामाला समान वेतनाची अट, या तीन मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत. ही अट घालूनही भाड्याची बस स्वस्त पडते काय, हे प्रशासनाने आकड्यांनिशी दाखवावे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने ही सेवा खाजगी कंपनीकडून ताब्यात घेतली. ती पुन्हा तुकड्यातुकड्यांनी कंत्राटदारांच्या हाती सोपवायची असेल, तर निदान त्याचा पूर्ण हिशेब मुंबईकरांसमोर मांडला गेलाच पाहिजे.