रांगेतल्या ग्राहकाचा जाहीरनामा

आम्ही पुण्यातले कॉफी पिणारे. कामावर जाताना, सुटल्यावर, कॉफी शॉपच्या काउंटरपुढे उभे राहणारे. समोर उभ्या असलेल्या माणसाचा नंबर सगळ्यांत शेवटी लावणारा कारभार आम्हाला मान्य नाही, हे आज आम्ही एकत्र येऊन जाहीर करतो.

एस्प्रेसोचा शॉट २५-३० सेकंदांत उतरतो. दूध तापवून फेसाळायला फार तर एखादं मिनिट. तरी गर्दीच्या वेळी एका कापुचिनोसाठी ताटकळावं लागतं, ते यंत्रामुळे नाही. गल्ल्यावर पैसे घेणारा मुलगाच वळून दूध तापवतो, पार्सलं बांधतो आणि मधूनच टेबलंही पुसतो. अ‍ॅपवरच्या ऑर्डरीला उशीर झाला तर दुकानाचं रेटिंग घसरतं. आमचा उशीर मात्र कुठेच नोंदला जात नाही. म्हणून पार्सल पुढे, आम्ही मागे. डिलिव्हरीवालाही दारात खोळंबलेलाच असतो. या मुलांवर आवाज चढवणारा आमच्यात नको. किती माणसं ठेवायची हे मालक ठरवतो, तेव्हा जाब त्यालाच विचारायचा.

आमची पहिली मागणी एका रांगेची. ऑर्डर काउंटरवरची असो वा अ‍ॅपवरची, आली त्या क्रमाने बनावी आणि तो क्रम सर्वांना दिसावा. गर्दीच्या वेळी गल्ल्यावर वेगळा माणूस हवा, मशीनवर वेगळा. उशीर होणार असेल तर पैसे घेण्याआधी सांगा. चुकीचं पेय हातात पडलं, तर पुन्हा रांगेत उभं न करता बदलून द्या.

बिलाचंही बोलायला हवं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच बजावलं आहे, की हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. तरीही सेवाशुल्काची ओळ बिलात दिसली, तर ती काढायला लावू. एका कॉफीसाठी मोबाइल नंबर सक्तीने मागितला, तर देणार नाही.

आम्हीही काही देणं लागतो. काउंटरशी पोहोचेपर्यंत काय हवं ते ठरवलेलं असेल. फोन कानाला लावून कोणी ऑर्डर देणार नाही. जागा अडवून तासन्‌तास बसणार नाही. कॉफी देणाऱ्याशी नीट बोलू. त्याला ‘ए’ म्हणून हाक मारणार नाही.

याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली. तक्रार करणं म्हणजे कटकट नव्हे, हे या शहराने तेव्हाच ऐकलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी मुकाट्याने कप उचलून निघून जाऊ नका. बिल जपून ठेवा, मालकाचं किंवा व्यवस्थापकाचं नाव विचारा, लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो फिरवा आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही सांगा.