विश्लेषण : लघवीत जंतू सापडले, पण त्रास काहीच नाही, मग अँटिबायोटिक हवेच का?

वार्षिक तपासणीचे पॅकेज घेतले जाते. संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो. साखर, कोलेस्टेरॉल ठीक. पण लघवीच्या रकान्यात ‘बॅक्टेरिया : प्रेझेंट’ असे ठळक अक्षरांत छापलेले. रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर जातो, कुणीतरी ‘इन्फेक्शन आहे’ म्हणते आणि रात्रीच्या आत मेडिकलमधून गोळ्या घरी येतात. ज्यांची लघवी तपासली, त्या आजींना मात्र ना जळजळ, ना ताप. मग त्या खरेच आजारी आहेत का?

जंतू असणे आणि संसर्ग होणे वेगळे कसे?

लघवीत जिवाणू आहेत, पण त्रास नाही, या स्थितीला डॉक्टर ‘असिम्प्टोमॅटिक बॅक्टेरियुरिया’ म्हणतात. मूत्रमार्गाच्या संसर्गात लक्षणे दिसतात: उन्हाळी लागणे, वारंवार व घाईने लघवी होणे, ओटीपोटात दुखणे. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तर थंडी वाजून ताप येतो, कंबरेच्या वर एका बाजूला दुखते, उलट्या होतात. लक्षणे नसतील, तर फक्त रिपोर्टवरून संसर्गाचे निदान होत नाही.

‘एक लाख कॉलनी’चा आकडा कुठून आला?

१९५० च्या दशकात बोस्टनचे डॉ. एडवर्ड कास यांनी एक मिलिलिटर लघवीत एक लाख जिवाणू ही सीमारेषा मांडली. नमुना घेताना त्वचेवरून मिसळलेले जंतू आणि मूत्राशयातले जंतू वेगळे ओळखणे, हा तिचा हेतू. जंतू आतले की बाहेरचे, एवढेच हा आकडा सांगतो. माणूस आजारी आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. शिवाय निरोगी माणसाची लघवी पूर्णपणे निर्जंतुक असते, हा जुना समजही २०१२ नंतरच्या संशोधनाने मोडीत काढला आहे.

हे किती जणांत आढळते?

रजोनिवृत्तीपूर्वीच्या निरोगी स्त्रियांमध्ये साधारण १ ते ५ टक्के. वय वाढते तसे प्रमाणही वाढते. वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणी दीर्घकाळ राहणाऱ्या स्त्रियांत ते २५ ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. लघवीची नळी महिनाभराहून अधिक काळ असेल, तर जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ‘पस सेल्स’ वाढलेल्या दिसल्या, तरी त्रास नसताना तेवढ्यावरून उपचार सुरू करायचे नसतात.

उपचार कुणाला आवश्यक?

अमेरिकेच्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार दोन गटांत त्रास नसतानाही तपासणी आणि उपचार करावेत. पहिला गट गर्भवतींचा, कारण त्यांच्यात संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका जास्त असतो. दुसरा गट मूत्रमार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेट किंवा मुतखड्यासारखी शस्त्रक्रिया होणार असलेल्या रुग्णांचा. मधुमेही, वृद्ध, नळी असलेले रुग्ण किंवा गुडघेबदलासारखी शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण या यादीत नाहीत.

एक कोर्स घेतला तर बिघडते काय?

कॅनडातील मधुमेही स्त्रियांवरचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास नसताना अँटिबायोटिक दिल्याने त्यांच्यातील पुढची गुंतागुंत कमी झाली नाही. इटलीतील २०१२ च्या अभ्यासात तर उलटेच दिसले. वारंवार संसर्ग होणाऱ्या तरुण स्त्रियांना लक्षणे नसतानाही औषध दिले, तेव्हा त्यांना पुढे अधिक वेळा त्रास झाला. तिथले काही जिवाणू शरीराची राखणही करत असावेत, असा अंदाज त्यातून मांडला गेला.

यात जुलाब, ॲलर्जी असे दुष्परिणाम आहेतच. पण मोठी किंमत आहे ती प्रतिरोधाची. औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा ‘लॅन्सेट’मधील अंदाज आहे. आज विनाकारण घेतलेली गोळी उद्या खऱ्या संसर्गात निकामी ठरू शकते. भारतात २०१४ पासून अनेक महत्त्वाची अँटिबायोटिक्स ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. पाकिटावरची लाल रेषाही हीच आठवण करून देते.

घरातल्या वृद्धांच्या बाबतीत काय?

इथे चूक सर्वाधिक महागात पडते. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, तपासणीत जंतू दिसले आणि दोष लघवीवर गेला, असे घडते. ताप किंवा लघवीचा त्रास नसेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर तज्ज्ञ आधी इतर कारणे शोधायला सांगतात: पाणी कमी पडणे, सोडियम घटणे, नव्या औषधाचा परिणाम. लघवीच्या रिपोर्टवर थांबले की खरे कारण तसेच राहते.

मग करायचे काय?

त्रास नसेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ‘मला लक्षणे नाहीत, तरी औषधाची गरज आहे का?’ असे थेट विचारावे. गर्भवतींनी हा रिपोर्ट मुळीच दुर्लक्षित करू नये. थंडीताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसल्यास वाट पाहू नये. डॉक्टरांनी सुरू केलेले औषधही परस्पर बंद करू नये. कारण उपचार ठरतो तो माणसाकडे पाहून; रिपोर्ट त्याला फक्त मदत करतो.