सही करा आणि विसरा

शनिवार सकाळ. पुण्यात म्हणे थंडी पडलीय. आमच्या मोर्शीच्या हिशेबाने ही थंडी नाहीच, पण असो. पहिला चहा संपला, दुसरा गॅसवर आहे आणि बुधवारपासून डोक्यात जे घुमतंय ते आज उतरवून टाकतो. सहलीबद्दल छान छान वाचायला आला असाल तर आजचा दिवस तुमचा नाही, आधीच सांगतो. :)

तर झालं असं. आम्ही गावाकडचे पाच-सहा जण, कोणी पुण्यात, कोणी नागपुरात, दर डिसेंबरअखेर सुट्टी टाकून घरी जातो आणि आठवी ते बारावीच्या पोरापोरींची दोन दिवसांची सहल काढतो. सालबर्डीला महादेवाची गुहा, माडू नदी, येताना सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण, रात्री कोणाच्या तरी संत्र्याच्या बागेत मुक्काम, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. बुधवारी मित्राचा फोन आला, "पालकांच्या मीटिंगला दोघंच आले बे. बाकीच्यांनी पोट्ट्यांच्या हाती सही पाठवून देली. तारीख फायनल करू ना?"

मी म्हटलं, नको. सह्यांवर सहल काढायची नाही. फोन आपटला त्याने.

आता त्याचंही बरोबर आहे म्हणा. जगच सहीवर चालतं. मी कॉलेजात असताना एनएसएसला होतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत एकदा सात दिवसांचं शिबिर, आपल्याकडे बहुधा हिवाळ्यातच. आम्ही सात दिवस एका दत्तक गावात नाल्या काढल्या, शोषखड्डे खणले, रात्री पथनाट्यं केली. त्या गावातल्या झाडून सगळ्या आईबापांनी आम्हाला बघितलं. आमच्या स्वतःच्या आईबापांनी सोडून! माझ्या बाबांनी संमतीपत्रावर सही केली ती संत्र्याचे क्रेट मोजता मोजता, न वाचता. पोरगा कोणत्या गावाला गेलाय हे त्यांना तिसऱ्या दिवशी कोणाकडून तरी कळलं. मला तेव्हा हे फार भारी वाटलं होतं. कटकट नाही, आपण मोकळे! ते मत बदलायला मला आमची पहिली सहल लागली.

पहिल्या वर्षी बावीस पोरं होती, त्यात मुली तीन. फॉर्म मी स्वतः बनवला होता, एक्सेलमध्ये, रकाने वगैरे आखून. (इंजिनियर आहे, काय करणार.) त्यात एक रकाना होता, "काही आजार असल्यास". बावीसच्या बावीस फॉर्मवर "नाही". मला वाटलं, झालं काम. रात्री साडेअकराला बागेत नववीतल्या एका मुलाला फीट आली. आम्ही चार शिकलेले गाढव भोवती उभे. एक जण कांदा आणायला धावला, एक म्हणे चप्पल हुंगवा, मी त्याच्या दातांत चमचा घालायला निघालो होतो. तेवढ्यात त्याचा वर्गमित्र शांतपणे म्हणाला, "दादा, काही करू नका. फक्त कुशीवर करा. त्याची आई तसंच करते." त्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराला जे माहीत होतं ते माझ्या एक्सेलला माहीत नव्हतं. मग जीप काढून दवाखान्यात नेलं. पोरगा ठीक झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वडिलांकडे गेलो ते भांडायच्या तयारीने. लपवलं का म्हणून विचारलं. ते अंगणातच उभे होते. म्हणाले, "सांगतलं असतं त नेलं असतं का बाबू तुमी त्याले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर "नाही" हेच होतं. फीट येणारा मुलगा म्हटल्यावर आम्ही "काका, पुढच्या वर्षी बघू" म्हणून गोडीत कटवला असता. म्हणजे फॉर्मवर खोटं त्यांनी लिहिलं खरं, पण लिहायला आम्हीच लावलं. ज्या माणसाला तुम्ही एकदाही बोलावून चहा पाजला नाही, त्याने तुम्हाला आपल्या लेकराचं दुखणं का सांगावं?

आता कोणी म्हणेल, पालक सोबत असले की सुरक्षित, एवढंच सांगायचंय का तुला? नाही हो. १४ सप्टेंबर २०२१ ला आमच्या शेजारच्या वरुड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटली, ११ जण गेले. सगळे नातेवाईक, मोठी माणसं सोबत. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, बोटीत माणसं क्षमतेपेक्षा जास्त. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली. नुसत्या मोठ्या माणसांच्या संख्येने कोणी वाचत नाही. मला हवा आहे तो आठ दिवस आधी येऊन विचारणारा बाप. पाण्यात उतरणार का? बोट कोणाची? जॅकेट किती? असे प्रश्न मीटिंगमध्ये एका आईने विचारले तेव्हा आम्ही धरणावर पोरांना पाण्याजवळ नेण्याचा बेतच रद्द केला. आम्हा इंजिनियरांना ते सुचलंच नव्हतं.

ही आई दुसऱ्या वर्षीची. त्या वर्षी आम्ही घरोघर गेलो. बाप कामावर असेल तर आईशी बोललो (बहुतेक घरांत तिला हे पहिल्यांदाच कोणी विचारत होतं). दोन आया मुक्कामाला यायला तयार झाल्या आणि मुली तीनवरून तेरा झाल्या. "पोरीले रातच्याले कोन पाठवते बाप्पा" म्हणणाऱ्या घरांनी पाठवल्या! फीट येणाऱ्या मुलाचे वडील रोडग्यांवर होते, मुलगा अर्थातच सहलीत. आणखी एका काकांनी पोरांना बागेत फिरवून आंबिया बहारासाठी झाडाला ताण का देतात ते सांगितलं. पाणी तोडायचं, झाड तहानू द्यायचं, मग फूल येतं. संत्र्याच्या पट्ट्यात जन्मलेली अर्धी पोरं हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. त्यात त्या काकांचा स्वतःचा मुलगाही होता.

"पालक आले की पोरं मोकळी होत नाहीत" हा आमच्या मंडळाचा लाडका मुद्दा. थोडा खराही आहे. त्याला आमचा उपाय साधा आहे: कोणत्याही पालकाला स्वतःच्या पोराचा गट द्यायचा नाही. दुसऱ्याची पोरं सांभाळताना माणसं फार शहाणी वागतात. "पालकांना वेळ नसतो" हा दुसरा मुद्दा. मजुरीला जाणाऱ्या आईची दोन दिवसांची रोजी बुडते, तिला मुक्कामाला या म्हणणं हा उद्धटपणा आहे हे कबूल. पण संध्याकाळी सातनंतर तिच्या दारात जाऊन अर्धा तास बसायला आपल्याला कोणी अडवलंय?

आणि तुम्ही हसू नका, हिंजवडी-खराडीवाले. मी ऑनसाइट होतो तेव्हा तिथल्या टीममेटचा मुलगा कब स्काउटमध्ये होता. तिथे लहान मुलांच्या गटाचा म्होरक्या बहुधा कोणाचा तरी बाप किंवा आईच असते. आपली मंडळीसुद्धा तिथे रविवारची मराठी शाळा स्वतः चालवतात, स्वतः शिकवतात, खुर्च्या स्वतः उचलतात. तोच माणूस पुण्यात परत आला की पोराला हजारो रुपयांच्या ॲडव्हेंचर कॅम्पला घालतो, "जोखीम पालकांची" अशा कागदावर मोबाईलवरूनच टिक करतो आणि शनिवारभर झोपतो. मोर्शीच्या बापाने क्रेट मोजता मोजता निदान पेनाने तरी सही केली होती!

तिसऱ्या वर्षापासून आम्हीही सैलावलो. घरोघर जायला सुट्टी पुरत नव्हती, व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, मेसेज टाकला, अंगठे आले. मुली पुन्हा सहावर. म्हणून यंदा दोन पालक आले यात नवल काहीच नाही. आम्ही त्यांना ग्राहक केलं, ते ग्राहकासारखे वागले.

काल रात्री मित्राचा परत फोन आला. सहल आठ दिवस पुढे ढकललीय. त्याने यादी पाठवलीय, एकवीस घरं, त्यातली नऊ माझ्या वाट्याला. वर्क फ्रॉम होम मागितलंय, मॅनेजर कुरकुरला. गुरुवारच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय.