सहा लाखांची बाटली सोळा हजारांत कशी आली?

दिवाळीच्या तोंडावर, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने रोश या स्वित्झर्लंडच्या बलाढ्य औषध कंपनीची याचिका फेटाळून लावली. रिसडिप्लाम नावाच्या औषधावर आपली मक्तेदारी आहे, म्हणून हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवू देऊ नये, असे रोशचे म्हणणे होते. न्यायालयाने ते ऐकले नाही. त्यानंतर नॅटकोने औषध बाजारात आणले. रोशच्या बाटलीची किंमत होती सुमारे ६ लाख २० हजार रुपये. नॅटकोच्या बाटलीची छापील किंमत १५ हजार ९०० रुपये. म्हणजे किंमत ९७ टक्क्यांहून अधिक उतरली!

औषध तेच, मात्रा तीच, परिणाम तोच अपेक्षित. मग सहा लाख कशाचे होते? प्रत्येक जागृत नागरिकाने हा प्रश्न विचारला पाहिजे. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांवर आज जगभर मोठे संशोधन चालू आहे. कालपर्यंत असाध्य असलेल्या आजारांवर औषधे निघत आहेत. पण ती कोणाच्या घरापर्यंत पोहोचणार हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ते पेटंटच्या कायद्यात, शासनाच्या धोरणात आणि न्यायालयात ठरते. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांवर सोडून चालणार नाही.

आधी आजार समजून घेऊ. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजेच एसएमए, हा मज्जारज्जूचा आजार आहे. आपण हात उचलतो, मान सावरतो, घास गिळतो, श्वास घेतो, तेव्हा मज्जारज्जूतील विशिष्ट पेशी स्नायूंना हुकूम देत असतात. या पेशी जिवंत राहण्यासाठी शरीराला एक प्रथिन लागते. ते बनविणाऱ्या जनुकाचे नाव एसएमएन-१. हे जनुक बिघडले की पेशी एकेक करून मरू लागतात आणि स्नायू वाळत जातात. मूल मान धरत नाही, बसत नाही. आजाराच्या सर्वात तीव्र प्रकारात पहिल्या सहा महिन्यांतच लक्षणे दिसतात आणि उपचार न मिळाल्यास बहुतेक बाळे दोन वर्षांच्या आत दगावतात. मुलाची बुद्धी मात्र शाबूत असते. ते डोळ्यांनी सर्व पाहते, हसते, आईला ओळखते.

साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो. भारतात वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. त्या हिशेबाने दरवर्षी दोन हजारांहून अधिक घरांत हे दुःख येत असले पाहिजे. यातील किती बाळांच्या आजाराचे नाव तरी त्यांच्या आईबापांना कळत असेल?

नाव कळत नाही तेव्हा काय होते, हे आपल्या समाजाला सांगायला नको. देवऋषी होतो, नवस होतो, अंगारा-धुपारा होतो. कोणी मागच्या जन्मीचे पाप काढतो. आणि शेवटी सगळा दोष येतो आईच्या माथी. हिच्याच पोटात काहीतरी खोट आहे, असे म्हणून कित्येक बायकांना माहेरी धाडले जाते. विज्ञान काय सांगते? हा आजार होण्यासाठी बिघडलेले जनुक आई आणि बाप या दोघांकडूनही यावे लागते. असे एक बिघडलेले जनुक अंगात बाळगणारी माणसे साधारण चाळीस ते साठ जणांत एक सापडतात. ती स्वतः ठणठणीत असतात, त्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यात ना पाप आहे, ना पुण्य. कर्मविपाकाची सगळी कथा या एका शोधाने निकालात निघते.

हा शोध लागला १९९५ साली. फ्रान्समध्ये ज्युदित मेल्की यांच्या चमूने एसएमएन-१ जनुक शोधून काढले. त्याबरोबर आणखी एक महत्त्वाची गोष्ट उजेडात आली. माणसाच्या शरीरात याच जनुकाची एक जोडप्रत असते, एसएमएन-२. पण तिच्यात एका अक्षराचा फरक आहे आणि त्या फरकामुळे ती बहुतेक वेळा अर्धवट, निकामी प्रथिन बनवते. पुरते प्रथिन जेमतेम दहा टक्के. शास्त्रज्ञांपुढे प्रश्न उभा राहिला, या जोडप्रतीकडूनच पुरते काम करून घेता येईल काय? २००६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रवींद्र सिंग, एलियट अँड्रोफी आणि सहकाऱ्यांनी त्या जनुकातील एक जागा दाखवून दिली. ती झाकली की जोडप्रत नीट काम करू लागते. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत एड्रियन क्रेनर यांनी याच दिशेने काम केले. त्यातून २०१६ साली नुसिनर्सन हे पहिले औषध मंजूर झाले. ते पाठीच्या कण्यात टोचावे लागते. २०१९ साली एकाच वेळी द्यायची जनुकोपचाराची मात्रा आली. २०२० साली रिसडिप्लाम आले, जे घरच्या घरी तोंडाने द्यायचे पातळ औषध आहे.

या सर्व वाटचालीत पैसा कोणाचा होता? विद्यापीठांतील मूलभूत संशोधनाला अमेरिकन शासनाच्या आरोग्य संस्थांची, म्हणजे तिथल्या करदात्यांची मदत होती. रिसडिप्लामच्या मागे तर २००३ साली एका आजारी मुलीच्या आईबापांनी उभी केलेली एसएमए फाउंडेशन ही संस्था होती. पीटीसी नावाच्या कंपनीबरोबर तिने काम सुरू केले आणि रोश पुढे २०११ साली त्यात सामील झाली. रोशने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रुग्णांवरील चाचण्या खर्चिक असतात, त्या कंपनीने केल्या. परंतु पाया सार्वजनिक, शेवटचा मजला खाजगी, आणि सातबारा मात्र सगळ्या इमारतीचा कंपनीच्या नावे, हा कुठला न्याय?

औषध काय करते, तेही सांगितले पाहिजे. तीव्र आजाराच्या ४१ बाळांवर चाचणी झाली. वर्षभराच्या उपचारानंतर त्यांतील १२ बाळे आधाराशिवाय निदान पाच सेकंद बसू शकली. आपल्याला पाच सेकंद म्हणजे काहीच वाटत नाही. पण उपचाराविना या प्रकारातले बाळ कधीच बसत नाही. मेलेली पेशी मात्र कोणतेही औषध परत आणू शकत नाही. म्हणून उपचार जितका लवकर, तितका लाभ मोठा. याचा कळस २०२५ साली पाहायला मिळाला. अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयातील एका प्रकरणाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. गर्भातच आजाराचे निदान झाले होते, म्हणून गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आईलाच रिसडिप्लाम दिले गेले आणि जन्मानंतर बाळाला. ते मूल अडीच वर्षांचे झाले तरी आजाराची खूण दिसली नव्हती. एका मुलावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. पण विज्ञान कुठवर पोहोचले आहे ते यातून कळते.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. वीस किलोंहून अधिक वजनाच्या रुग्णाला रोज ५ मिलिग्रॅम औषध लागते. बाटलीत असते ६० मिलिग्रॅम. म्हणजे एक बाटली बारा दिवसांत संपते. वर्षाला तीसच्या वर बाटल्या, आणि हे आयुष्यभर. रोशच्या जुन्या किमतीने वर्षाचा खर्च १ कोटी ८६ लाखांच्या घरात जातो. कंपनीच्या सवलत-योजना होत्या. पण सवलत मिळूनही उरणारा आकडा कोणत्या कामगाराला, कोणत्या शिक्षकाला, कोणत्या अल्पभूधारकाला झेपणार होता?

केंद्र शासनाचे दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली आले. २०२२ पासून त्यात एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण सहा लाख वीस हजारांच्या भावाने त्यात आठ बाटल्या येत होत्या. आठ बाटल्या म्हणजे ९६ दिवस! सत्याण्णवाव्या दिवशी काय करायचे? केरळमधील एका रुग्णाने हाच प्रश्न न्यायालयात नेला. उच्च न्यायालयाने ५० लाखांच्या पुढेही १८ लाखांचे औषध देण्याचा आदेश दिला. केंद्र शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या आदेशाला स्थगिती मिळाली. याच वादात येल विद्यापीठातील एका संशोधिकेचा अंदाज पुढे आला. हे औषध जेनेरिक स्वरूपात बनवायला वर्षाला सुमारे तीन हजार रुपये पुरतील, असा तो अंदाज होता. वर्षाला तीन हजार! शासनाचे ५० लाख जात होते ते औषधाला की मक्तेदारीला, हे वाचकांनीच ठरवावे.

ज्यांना शासन पुरत नव्हते, ते लोकवर्गणीकडे वळले. २०२१ साली मुंबईतील एका बाळाच्या सोळा कोटींच्या जनुकोपचारासाठी लोकांनी पैसे उभे केले आणि केंद्राने सुमारे सहा कोटींचा कर माफ केला. देणाऱ्यांच्या माणुसकीला सलामच केला पाहिजे. पण वर्गणी कोणाची जमते? ज्यांना समाजमाध्यमांचा वापर जमतो, ज्यांच्या ओळखी आहेत, ज्यांची बातमी छापून येते त्यांची. बीडच्या ऊसतोड मजुराच्या बाळाची, नाल्यात उतरणाऱ्या सफाई कामगाराच्या बाळाची बातमी कोण छापणार? दया निवड करते. हक्काला निवड करण्याची मुभा नसते.

नॅटको आणि रोशच्या खटल्यात नेमके काय झाले? रोशच्या पेटंटची मुदत २०३५ पर्यंत होती. नॅटकोचे म्हणणे असे, की रोशच्याच आधीच्या पेटंटमध्ये जवळजवळ हेच रसायन आले आहे, फरक फक्त एका जागी कार्बनऐवजी नायट्रोजन ठेवण्याचा आहे आणि जाणकाराला तो सहज सुचेल. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २४ मार्च २०२५ रोजी रोशला अंतरिम मनाई नाकारली. ९ ऑक्टोबरला खंडपीठाने तेच कायम केले आणि आठच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. ही लढाई अंतरिम मनाईपुरती होती, हे विसरता कामा नये. तरीही एकाच उत्पादनावर एकामागून एक पेटंट घेऊन मक्तेदारीची वर्षे वाढवत न्यायची, या डावाला न्यायालयाने चाप लावला.

या देशाने हे आधीही पाहिले आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते, म्हणून भारतीय कंपन्या स्वस्त औषधे बनवू शकल्या. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने एड्सची औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, जेव्हा बड्या कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. जागतिक व्यापार संघटनेच्या दबावाखाली २००५ साली आपण वस्तू-पेटंट स्वीकारले, पण कायद्यात कलम ३(ड) ठेवले. त्याच्याच बळावर २०१३ साली नोव्हार्टिसचा ग्लिवेकचा दावा फेटाळला गेला. २०१२ साली बायरच्या नेक्साव्हार या कर्करोगाच्या औषधासाठी नॅटकोला सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. पण त्यानंतर दुसरा सक्तीचा परवाना निघालेला नाही. रिसडिप्लामच्या बाबतीतही कायद्याने दिलेले हे हत्यार शासनाने म्यानातच ठेवले. लढली ती एक खाजगी कंपनी, स्वतःच्या धंद्यासाठी. उद्या एखाद्या औषधात नफा दिसला नाही, तर कोण लढणार?

शिवाय दार पुन्हा बंद होण्याचा धोका आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात, औषधे मिळवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कंपनीने स्वखुशीने दिलेले परवाने, असे मान्य करण्यात आले. ज्यांचा नफा मक्तेदारीवर उभा आहे त्यांच्या खुशीवर आपली लेकरे सोपवायची काय? अशा करारांतील कलमांवर चळवळीने बारीक लक्ष ठेवले पाहिजे.

सोळा हजारांची बाटली हा विजय आहे, पण अर्धा. पूर्ण मात्रेचा खर्च आजही वर्षाला ४ लाख ८० हजारांच्या आसपास आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला तोही आकाशाएवढाच. पण शासनाला? तेच ५० लाख आता ९६ दिवसांऐवजी दहा वर्षे पुरतील. पैसे नाहीत ही सबब संपली आहे. म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. केंद्राने हे औषध घाऊक भावाने खरेदी करून प्रत्येक रुग्णाला मोफत द्यावे. केरळने लहान मुलांना ते मोफत द्यायला सुरुवात केली, मग महाराष्ट्राला काय अडचण? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे ५ लाख आहे. त्यात या आजाराच्या औषधाचा समावेश करावा. मुंबईचे केईएम हे दुर्मीळ आजारांचे केंद्र आहे. गडचिरोलीच्या आईने बाळाला घेऊन तिथवर यायचे काय? तपासणी जिल्हा रुग्णालयापर्यंत न्यावी आणि जन्मतःच रक्ताच्या थेंबावर ती व्हावी. अमेरिकेने नवजात बालकांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांत एसएमएचा समावेश २०१८ सालीच केला आहे.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात विमा हा शासनाच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा असावा, अशी मांडणी केली होती. संकट एकट्याच्या घरावर येते, पण त्याचा भार सर्वांनी मिळून उचलायचा, हा त्यामागचा विचार. घटनेचे कलम २१ जगण्याचा अधिकार देते. कलम ४७ लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगते. जनुकातली चूक निसर्गाची असते, तिच्यावर शास्त्रज्ञांनी उत्तर शोधले आहे. बाटलीवरच्या किमतीचे उत्तर आपल्याला शोधायचे आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात, आपल्या वस्तीत मान न धरणारे, बसू न शकणारे बाळ आहे काय, याची चौकशी करावी. असेल तर त्या आईला देवऋषीच्या दारातून उठवून रुग्णालयात न्यावे. आणि तिथे औषध मिळाले नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात बसावे.