विश्लेषण : नंबर लागला, पण टॉप मॉडेलचा! महागडी गाडी आधी घ्यावी की थांबावे?

मधल्या मॉडेलचे बुकिंग करून दोन-तीन महिने झालेले असतात. दसरा तोंडावर असतो. अशा वेळी शोरूममधून फोन येतो : 'साहेब, तुमच्या मॉडेलला अजून वेळ आहे. टॉप मॉडेल मात्र लगेच देतो. चार-पाच लाखांचाच फरक आहे.' नांदेड, लातूरकडे गाडी घेणारा माणूस डॉक्टर असो, क्लासचालक असो, आडत व्यापारी असो किंवा उसाचे बिल हाती आलेला शेतकरी असो. घरच्यांना मुहूर्त सांगून झालेला असतो, चॉइस नंबरची चौकशीही झालेली असते. त्यामुळे 'चार-पाच लाखांचाच' यातला 'च' कोणी तपासत नाही. तो तपासला तर बहुतेकांनी थांबणेच बरे, असे माझे मत आहे. ज्यांनी थांबू नये असेही काही आहेत, त्यांचा विचार पुढे केला आहे.

महागडे मॉडेलच आधी का येते?

सर्वात स्पष्ट उदाहरण आपल्याच राज्यातले, चाकणच्या कारखान्यातले आहे. महिंद्रने 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या विजेवरच्या गाड्यांचे बुकिंग १४ फेब्रुवारी २०२५ रोजी उघडले. पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्यांची नोंदणी झाली. कंपनीने वेळापत्रक आधीच जाहीर केले होते : सर्वात महाग 'पॅक थ्री' मार्चच्या मध्यापासून, 'पॅक थ्री सिलेक्ट' जूनपासून, 'पॅक टू' जुलैपासून आणि सर्वात स्वस्त 'पॅक वन' ऑगस्टपासून. बीई ६ च्या पॅक वनची एक्स-शोरूम किंमत १८.९० लाख, पॅक टूची २१.९० लाख आणि पॅक थ्रीची २६.९० लाख. म्हणजे ज्याला घाई होती त्याने आठ लाख जास्त मोजायचे, नाहीतर पाच महिने थांबायचे. पहिल्या दिवशीच्या बुकिंगपैकी ७३ टक्के पॅक थ्रीचे होते.

यात फसवणूक नाही. नव्या गाडीचे उत्पादन सुरुवातीला कमीच असते. महिन्याला मोजक्याच गाड्या बाहेर पडणार असतील, तर ज्या गाडीवर जास्त सुटते तीच कंपनी आधी बनवणार. शिवाय पहिल्या दिवशी पैसे भरणारा ग्राहक सर्वात उतावळा असतो आणि उतावळा माणूस भाव करत नाही. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनच्या बुकिंगने अर्ध्या तासात एक लाखाचा आकडा गाठला, तेव्हाही 'झेड८-एल' या टॉप मॉडेलला डिलिव्हरीत प्राधान्य दिले गेले. २००९ मध्ये टाटा नॅनोसाठी दोन लाखांवर अर्ज आले आणि पहिल्या एक लाख गाड्या सोडतीने वाटल्या गेल्या. ती देशातली सर्वात स्वस्त गाडी होती, तरी निम्मे अर्ज तिच्या सर्वात महाग 'एलएक्स' मॉडेलसाठी होते. रांगेत उभा राहिलेला माणूस जरा वरचेच मागतो, हे कंपन्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आधीच्या पिढीने बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे. तेव्हा टंचाई परवाना पद्धतीमुळे होती, आता ती वेळापत्रकामुळे असते.

बुकिंग झाल्यानंतर अट बदलली तर?

हा प्रकार वेगळा आणि जास्त अडचणीचा आहे. ओला इलेक्ट्रिकने जुलै २०२१ मध्ये ४९९ रुपयांत स्कूटरची नोंदणी सुरू केली आणि एका दिवसात एक लाख लोकांनी नोंदणी केली. 'एस१' ची किंमत ९९,९९९ रुपये आणि 'एस१ प्रो' ची १,२९,९९९ रुपये जाहीर झाली. राज्याच्या अनुदानामुळे महाराष्ट्रात दोन्ही आणखी पाच हजारांनी स्वस्त होत्या. जानेवारी २०२२ मध्ये साधी एस१ बुक केलेल्यांना कळवण्यात आले की त्यांना प्रोचीच स्कूटर मिळेल, पण प्रोची रेंज आणि वेग हवा असेल तर ३० हजार रुपये भरून ते सुरू करून घ्यावे लागतील. साधी एस१ च हवी असणाऱ्यांसाठी तिचे उत्पादन वर्षाच्या उत्तरार्धापर्यंत पुढे गेले.

आता पुढे काय झाले ते पाहा. १५ ऑगस्ट २०२२ रोजी तीच एस१ पुन्हा ९९,९९९ रुपयांत बाजारात आली. मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये पुण्यात एका एस१ प्रोला आग लागली आणि एप्रिलमध्ये कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. थांबलेल्यांनी या सगळ्यातून जात असलेल्या स्कूटरऐवजी नंतरची स्कूटर घेतली.

पहिल्या खेपेचा हा धोका एकाच कंपनीपुरता नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महिंद्रनेही क्लचजवळच्या एका रबरी भागासाठी १२,५६६ एक्सयूव्ही७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन तपासणीला बोलावल्या. त्या वर्षीच्या जुलै ते नोव्हेंबरमध्ये बनलेल्या त्या गाड्या होत्या, म्हणजे स्कॉर्पिओ-एनची अगदी पहिलीच खेप. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला अशा वेळी एक सकाळ वाया घालवावी लागते. देगलूर, किनवट किंवा निलंग्याच्या ग्राहकाचा पूर्ण दिवस जातो. सुटा भाग मागवावा लागला, तर फेरी दुसऱ्यांदाही होते.

रांगेचा भाव कसा काढायचा?

जास्तीच्या पैशांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : जास्तीच्या सुविधा आणि लवकर मिळणारी गाडी. शोरूमवाला त्या एकत्रच सांगतो. त्या वेगळ्या करायला एक प्रश्न पुरतो : दोन्ही मॉडेल आज समोर उभी असती, तर वरच्यासाठी किती जास्त दिले असते?

बीई ६ चेच उदाहरण घेऊ. पॅक टू आणि पॅक थ्रीतला फरक पाच लाखांचा, थांबायचे महिने साधारण चार. मोठी बॅटरी, काचेवर उमटणारा डिस्प्ले आणि आपोआप पार्किंग यांची किंमत तुमच्या लेखी दोन लाख असेल, तर उरलेले तीन लाख चार महिने वाचवण्यासाठी जातात. म्हणजे महिन्याला ७५ हजार रुपये. (गंजगोलाईच्या गर्दीत ही गाडी आपोआप पार्क होईल का, हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.) आता धरा की गाडी नसल्यामुळे तुम्हाला महिन्यातून आठ वेळा भाड्याची गाडी करावी लागते आणि दर खेपेला चार हजार जातात. तरी महिन्याचा खर्च ३२ हजारच होतो. थांबणे निम्म्याहून स्वस्त पडते.

याच गाडीने पुढे हा हिशेब उघडही केला. जुलै २०२५ मध्ये महिंद्रने पॅक थ्रीमधली ७९ किलोवॉट-तासांची मोठी बॅटरी पॅक टूमध्येही देऊ केली, किंमत २३.५० लाख. म्हणजे कंपनीच्याच दरपत्रकाप्रमाणे मोठ्या बॅटरीचा भाव होता १.६० लाख. 'हैदराबादला जाणे-येणे असते, मोठी बॅटरी हवीच' म्हणून मार्चमध्ये २६.९० लाख मोजणाऱ्याने बॅटरी सोडून बाकीच्या गोष्टींसाठी ३.४० लाख दिले. त्या गोष्टी त्याला खरोखर हव्या होत्या का, हे तोच सांगू शकेल.

इकडच्या ग्राहकासाठी आणखी काही आकडे लागतात. पाच लाख जास्तीचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे ८,०५० रुपयांनी वाढतो आणि एकूण पावणेसात लाख फेडावे लागतात. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावानेही पाच लाख म्हणजे सुमारे ९४ क्विंटल सोयाबीन, आणि बाजारात हमीभाव मिळतो कुठे? २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली किती पिके गेली, हे वेगळे सांगायला नको. पगारदाराला महिन्याचा हप्ता झेपतो. पिकाच्या पैशावर चालणाऱ्या घरात वाईट हंगाम आला तरी हप्त्याची तारीख तीच राहते.

डिझेल गाडी असेल तर करही पाहा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील डिझेल मोटारीला १० ते २० लाखांपर्यंत १४ टक्के आणि २० लाखांवर १५ टक्के वाहन कर आहे. १८ लाखांच्या गाडीला २.५२ लाख कर बसतो, २२ लाखांच्या गाडीला ३.३० लाख. फोनवर सांगितलेला चार लाखांचा फरक इथेच पावणेपाच लाखांवर गेला, विम्याचा वाढीव हप्ता वेगळा. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस कापला जातो. तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरणाऱ्यालाच. केवळ शेती उत्पन्न असलेले आणि विवरणपत्र न भरणारे कितीतरी शेतकरी हे २०-२५ हजार रुपये सोडून देतात.

थांबल्याने तोटा होत नाही का?

होतो, कधी कधी मोठा होतो. विजेवरच्या दुचाकींचे केंद्राचे अनुदान १ जून २०२३ पासून किलोवॉट-तासाला १५ हजारांवरून १० हजार झाले आणि कमाल मर्यादा किमतीच्या ४० वरून १५ टक्क्यांवर आली. मे महिन्यात 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणाऱ्यांना जूनमध्ये तीच स्कूटर महाग पडली.

उलटही घडले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला आणि मोठ्या डिझेल एसयूव्हींवरचा एकूण कर ४८-५० टक्क्यांवरून ४० वर आला. गणपतीत घाईने टॉप मॉडेल उचलणाऱ्यापेक्षा दसऱ्यापर्यंत थांबलेला लाखाहून अधिक रुपयांनी फायद्यात राहिला. विजेवरच्या गाड्यांवर आधीपासूनच ५ टक्के जीएसटी असल्याने त्यांना हा लाभ नव्हता. त्यांच्याबाबत वेगळीच गंमत झाली. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेवरच्या गाड्यांना ६ टक्के वाहन कर सुचवला गेला. तेव्हा एक्सईव्ही ९ई च्या पॅक थ्रीची किंमत होती ३०.५० लाख. त्या गाडीला एक लाख ८३ हजारांचा कर बसला असता, खालच्या मॉडेलांना काहीच नाही. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो प्रस्ताव मागे घेत असल्याचे विधान परिषदेत सांगितले.

त्यामुळे जाहीर झालेली तारीख आणि शोरूमवाल्याने घातलेली भीती यांत फरक केला पाहिजे. अनुदान संपण्याची तारीख राजपत्रात आली असेल, तर वरचे मॉडेल घेण्याला अर्थ आहे. 'पुढच्या महिन्यात भाव वाढणार' हे तोंडी असेल, तर नाही. जुनी गाडी बंद पडली आहे आणि घरात नियमित दवाखान्याच्या फेऱ्या आहेत, त्यांनीही थांबू नये. आणि ज्याला पहिल्यापासून टॉप मॉडेलच हवे होते, त्याच्यासाठी हा प्रश्नच नाही.

खास आवृत्तीचे प्रकरण आणखी वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये बीई ६ ची 'बॅटमॅन' आवृत्ती २७.७९ लाखांना आली. आधी ३०० गाड्या जाहीर झाल्या, मागणी पाहून संख्या ९९९ केली गेली आणि १३५ सेकंदांत सगळ्या बुक झाल्या. तिथे पैसे चिन्हाचे आहेत, हौसेला मोल नसते. फक्त 'मर्यादित' हा आकडा वाढू शकतो, एवढे लक्षात ठेवावे.

फोन आल्यावर काय विचारायचे?

आधी आपण बुक केलेल्या मॉडेलची अपेक्षित तारीख व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर लेखी मागा. दुसरे, वरचे मॉडेल नाकारले तर मूळ रांगेतला क्रमांक कायम राहतो का, हे विचारा. हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फार कमी लोक विचारतात. तिसरे, डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागेल की बुकिंगच्या दिवशीची? आणि बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत? विजेवरची गाडी असेल तर चार्जर किमतीत धरला आहे का, हेही विचारा. बीई ६ च्या जाहीर किमतींत तो नव्हता, घरच्या चार्जरचे ५० हजारांपासून पुढे वेगळे द्यावे लागत होते.

लवकर डिलिव्हरीच्या बदल्यात शोरूमचाच विमा किंवा ॲक्सेसरीज घेण्याची सक्ती होत असेल, तर ती मान्य करू नका. विमा कुठून घ्यायचा हे ग्राहक ठरवतो. एक वस्तू देण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधकारक व्यापारी प्रथा ठरते. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहेत आणि मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो.

मराठवाड्याने घासाघीस करूनही दाखवली आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक-व्यावसायिकांच्या गटाने एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्या बातमीतली श्रीमंती सर्वांच्या लक्षात राहिली. पण गटाने मागणी केल्यामुळे कंपनी आणि बँक दोघांनाही सवलतीसाठी बसावे लागले होते. लातूरच्या एखाद्या डॉक्टरांच्या संघटनेला किंवा नांदेडच्या व्यापाऱ्यांना पाच-दहा गाड्यांचे बुकिंग एकत्र करून तारखा लेखी मागता येतील. त्यासाठी १५० मर्सिडीज लागत नाहीत.