एका लाल त्रिकोणाची किंमत

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३च्या उपोषणामुळे राज्यभर ठाऊक झाले. अशा एखाद्या गावात रक्तगट तपासणीचे शिबिर भरले, तर बोटातून रक्ताचे दोन-तीन थेंब काढून काचपट्टीवर घेतात, त्यात औषधाचे थेंब मिसळतात आणि दोन मिनिटांत कार्डावर गट लिहून मिळतो. 'ए' आणि 'बी' या दोन्ही थेंबांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या नाहीत, तर कार्डावर 'ओ' लिहिले जाते. बहुतेकांच्या बाबतीत ती नोंद बरोबर असते. पण आपल्या देशात दहा हजारांत साधारण एक माणूस असा असतो की, ज्याला त्या कार्डावर विसंबून 'ओ' गटाचे रक्त दिले, तर ते जिवावर बेतू शकते. त्याचा गट असतो 'बॉम्बे'.

या गटाला मुंबईचे नाव मिळाले ते उगाच नाही. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना मुंबईत तीन जणांच्या रक्तात हा वेगळेपणा सापडला. इंग्लंडमधील रक्तगटतज्ज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञांच्या साथीने त्यांनी तो १९५२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला. पुढे १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. आज ते राष्ट्रीय संस्था म्हणून केईएम रुग्णालयाच्या आवारात काम करते. शोध आपल्या घरात लागला, सत्तर वर्षे उलटून गेली, तरी रक्तगट म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडे शिकलेल्या माणसालाही सहसा सांगता येत नाही.

रक्तगट म्हणजे शर्करेची नक्षी. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या लहान-लहान फांद्या असतात. त्या फांदीच्या टोकाला कोणती शर्करा बसली आहे, यावर गट ठरतो. अडचण अशी की, या फांद्या शब्दांत सांगणे फार अवघड. डीएनए किंवा प्रथिन म्हणजे सरळ माळ, मणी क्रमाने वाचत गेले की झाले. शर्करेचे तसे नाही. एक शर्करा दुसरीला अनेक ठिकाणी आणि दोन प्रकारांनी जोडली जाते, शिवाय फांद्याही फुटतात. तीन वेगवेगळी अमिनो आम्ले एकेकदा घेऊन फक्त सहा माळा होतात, तर तीन शर्करांपासून हजाराहून अधिक रचना होऊ शकतात. पाठ्यपुस्तकात अशी रचना रासायनिक नावाने लिहिली, तर एकेक नाव ओळभर लांब होते आणि विद्यार्थी ते पान उलटून पुढे जातो.

यावर शास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय एखाद्या बालवाडीच्या फळ्यावर शोभेल इतका सोपा आहे. प्रत्येक शर्करेला एक आकार आणि एक रंग. ग्लुकोज म्हणजे निळे वर्तुळ, गॅलॅक्टोज म्हणजे पिवळे वर्तुळ, मॅनोज हिरवे वर्तुळ, फ्युकोज लाल त्रिकोण. 'एसएनएफजी' नावाची ही चिन्हपद्धत २०१५ पासून जगभर रूढ होत गेली. ती वापरून चित्र काढणारी संगणकप्रणालीही मोफत मिळते. 'ग्लायकॅनबिल्डर'मध्ये एकेक चिन्ह निवडून फांदी वाढवत नेता येते. 'ड्रॉग्लायकॅन'ला रचनेचे सूत्र अक्षरांत लिहून दिले की चित्र तयार होते. कोणती शर्करा कोणाला, कोणत्या जागी जोडली आहे, तेही रेषेवर लिहून येते.

आता याच चिन्हांनी रक्तगट काढून पाहा. तांबड्या पेशीवरच्या फांदीच्या टोकाशी एक निळा चौकोन, त्याला जोडलेले पिवळे वर्तुळ आणि त्या वर्तुळाला चिकटलेला लाल त्रिकोण. एवढेच असेल तर तो 'ओ' गट. या रचनेला 'एच' म्हणतात. त्याच पिवळ्या वर्तुळाला आणखी एक पिवळा चौकोन जोडला की 'ए' गट, आणि चौकोनाऐवजी दुसरे पिवळे वर्तुळ जोडले की 'बी'. दोन्ही प्रकारच्या फांद्या असतील तर 'एबी'. बॉम्बे गटात लाल त्रिकोणच नसतो. त्रिकोण नसला की 'ए' किंवा 'बी'ची शर्करा जोडणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, कामच करता येत नाही. मग त्या माणसाकडे 'ए' किंवा 'बी'चे जनुक असले, तरी ते झाकलेलेच राहते.

एवढे चित्र समजले की दोन गोष्टी आपोआप कळतात. पहिली, बॉम्बे गटाच्या शरीराला लाल त्रिकोण परका असतो, म्हणून त्याच्या रक्तद्रवात 'एच'विरुद्ध प्रतिपिंडे असतात. 'ओ' गटाच्या पेशींवर तर 'एच' सर्वांत जास्त. ज्याला आपण 'सर्वांना चालणारे' रक्त म्हणतो, ते 'ओ निगेटिव्ह'च या माणसाला सर्वांत घातक. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. दुसरी गोष्ट घरातली आहे. आई किंवा वडील 'एबी' आणि मूल 'ओ' असे सहसा होत नाही, हे शाळेत शिकवले जाते. पण मूल बॉम्बे गटाचे असेल, तर साध्या तपासणीत ते 'ओ'च दिसते. अर्धवट माहितीवर एखाद्या बाईच्या चारित्र्यावर संशय घेणाऱ्यांना हा लाल त्रिकोण दाखवायला हवा.

म्हणूनच शर्करेची चित्रे हा केवळ संशोधकांचा विषय मानणे चूक आहे. यावर कोणी म्हणेल की, चित्राने तपासणी होत नाही आणि ग्रामीण भागात आधी रक्ताच्या पिशव्या पुरवा. आक्षेप रास्त आहे. बॉम्बे गट ओळखण्यासाठी संगणक लागतही नाही. रुग्णाचा रक्तद्रव 'ए', 'बी' आणि 'ओ' अशा तिन्ही ओळखीच्या पेशींशी ताडून पाहायचा. 'ओ' पेशींच्याही गुठळ्या झाल्या की सावध व्हायचे आणि 'एच'ची खास तपासणी करायची. हे काम स्वस्त आहे. पण 'ए' आणि 'बी' पेशींवर काम भागते, मग तिसरी नळी कशाला, असे ज्याला वाटते, तो घाईच्या दिवशी तीच नळी गाळतो. कारण माहीत असलेला माणूस ती गाळत नाही. चित्राचा उपयोग इथे आहे.

उशिरा कळण्याची किंमत मोठी असते. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला, अंबडहून जालना, जालन्याहून घाटी असा प्रवास झाला आणि तिथे प्रत्येक 'ओ' पिशवी जुळेनाशी झाली, तर दाता शोधायला हाती तास उरतात. हाच गट गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत कळला, तर महिने मिळतात. भावंडांचीही तपासणी करता येते. हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांत तो दिसण्याचा संभव वाढतो. बाहेर शोधण्याआधी घरात शोधावे, हे साधे सूत्र.

मागणी मोठी नाही. तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात आणि बारावीच्या जीवशास्त्रात रक्तगटाची ही चार चित्रे मराठी नावांसह यावीत. प्रणाली मोफत आहे, चित्र काढायला एक दुपार पुरेल. ते छापून प्रत्येक तालुक्याच्या प्रयोगशाळेत भिंतीवर लावावे. काचपट्टीवर काढलेल्या गटाच्या कार्डावर 'केवळ प्राथमिक तपासणी' असे ठळक छापावे. आणि वाचकांनी एवढे करावे: घरात कुणाला रक्त देताना 'ओ' जुळत नाही असे कधी सांगितले गेले असेल, तर तो कागद जपून ठेवावा, प्रत्येक डॉक्टरला दाखवावा आणि भावंडांना मोठ्या रक्तकेंद्रात नेऊन तपासून घ्यावे.