‘किती टेस्लाचे मशीन?’ हा प्रश्न अपुरा आहे

एमआरआय काढायचा म्हटले की नातेवाईक दोन गोष्टी हमखास विचारतात. ‘मशीन किती टेस्लाचे?’ आणि ‘कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन देऊनच काढू या ना, म्हणजे सगळे स्पष्ट दिसेल?’ जाहिरातींतही टेस्लाचाच आकडा मोठा असतो. खरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: कोणते सिक्वेन्स घेणार?

एमआरआयमध्ये शरीरातल्या पाण्यातील व चरबीतील हायड्रोजनला रेडिओलहरींचे ठोके दिले जातात आणि परत येणारा सिग्नल मोजला जातो. ठोका कधी द्यायचा, सिग्नल किती वेळाने मोजायचा, याचे वेळापत्रक म्हणजे पल्स सिक्वेन्स. मशीनचा आवाज मध्येच बदलतो, तेव्हा बहुधा पुढचा सिक्वेन्स सुरू झालेला असतो.

वेळापत्रक बदलले की तोच अवयव वेगळा दिसतो. टी-१ चित्रात चरबी पांढरी आणि पाणी काळे. टी-२ मध्ये पाणी पांढरे, म्हणून सूजही उजळते. पण मेंदूतले आणि मेंदूभोवतीचे पाणीही तितकेच उजळते आणि त्याला चिकटून असलेला लहान डाग हरवतो. तिथे फ्लेअर हा सिक्वेन्स लागतो. त्यात आधी एक उलटवणारा ठोका देतात, मग साधारण दोन-अडीच सेकंद थांबून, या पाण्याचा सिग्नल शून्यावर आला की मोजणी करतात. पाणी काळे होते, डाग पांढरा उठून दिसतो. तोही काहीही न टोचता!

हीच युक्ती चरबीवर वापरली की तो स्टर सिक्वेन्स. मणक्याच्या टीबीत हाडातली सूज त्यात लवकर कळते. अर्धांगवायूच्या पहिल्या काही तासांत साधा टी-२ अनेकदा नॉर्मल दिसतो, पण डिफ्यूजन सिक्वेन्स बहुतेक वेळा इजा दाखवतो.

तीन टेस्लाला सिग्नल जास्त मिळतो, हे खरेच. गाठ किंवा जंतुसंसर्गाची शंका असेल तर गॅडोलिनियमचे इंजेक्शन अनेकदा लागते. पण ते औषध आहे, चित्राची पॉलिश नव्हे. किडनी फारच कमजोर असेल तर ते विचार करूनच द्यावे लागते. आणि मशीन कितीही भारी असो, योग्य सिक्वेन्स घेतलाच नाही, तर आजार रिपोर्टमध्ये येणार कुठून? स्वस्तातल्या ‘स्क्रीनिंग’मध्ये मोजकेच सिक्वेन्स असतात, हे पैसे वाचवताना लक्षात ठेवा.

दोष फक्त पेशंटचा नाही. चिठ्ठीवर नुसते ‘एमआरआय ब्रेन’ लिहून पाठवणारे डॉक्टरही तितकेच जबाबदार आहेत. शंका काय आहे हेच कळले नाही, तर रेडिओलॉजिस्टने सिक्वेन्स निवडायचे कशावरून?

म्हणून चिठ्ठीवर त्रास काय, कधीपासून आणि शंका कशाची, हे लिहून घ्या. जुन्या फिल्म बरोबर न्या. पेसमेकर, शरीरातला धातू, किडनीचा आजार आधीच सांगा. आणि टेस्ला विचारण्याआधी विचारा: ‘माझ्या त्रासासाठी लागणारे सगळे सिक्वेन्स यात आहेत ना?’